दोर सोडायचा सराव

कयाक आमच्या अंगणात उतरली तेव्हा गल्लीतल्या लोकांना ती गव्हाण वाटली. साडूभाऊंनी ती मानोऱ्याहून पाइपांच्या गाडीवर आडवी बांधून आणली होती. जाड पिवळं प्लॅस्टिक, दोन माणसांना बसायला दोन खळगे, मागं सामानासाठी तिसरा. कुठलंसं वॉटर पार्क बंद पडलं, तिथलं सामान विकायला निघालं आणि त्यात ही त्यांना मिळाली. फोनवर त्यांनी चौदा फुटाची आहे असं सांगितलं होतं. मी उतरवल्याबरोबर टेप लावला. सव्वाबारा भरली.

"तुमी पोरगी पाहाले गेले तवाबी टेप घेऊनच गेले असान," साडूभाऊ म्हणाले.

समोरचे म्हातारे काका काठी टेकत आले. त्यांनी कयाकच्या पोटावर दोन टिचक्या मारल्या.

"मजबूत हाय. किती ढोरं खातीन याच्यात?"

"काका, नाव हाय हे. समुद्रात बसून मासे धराची."

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग साडूभाऊंच्या पोटाकडे. "अन मंग आपल्या रिठदात कायले उतरवली? समुद्र कुठं हाय या गावात?"

"इथं शिकतो, तिथं धरतो," साडूभाऊ म्हणाले.

"मासे धरता का एकमेकाले?" असं विचारून काका उत्तराची वाट न पाहता निघून गेले.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मानोऱ्याला त्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. मागं एकदा दुकानदारांची सहल कोकणात गेली होती. बाकीचे हॉटेलात पत्ते कुटत बसले आणि हे सकाळी एकटेच वाळूत जाऊन उभे राहिले. तिथं किनाऱ्यापासून थोडं आत एक लहान बेट आहे. त्या बेटाच्या कडेकडेनं एक माणूस अशाच नावेत बसून, मागं गळ सोडून, वल्हवत चालला होता. तो बेटाआड गेला. बऱ्याच वेळानं दुसऱ्या बाजूनं निघाला तेव्हा त्याच्या पायांशी हाताएवढा मासा पडला होता. साडूभाऊंनी पाहिलं ते एवढंच. पण तिथून आले ते चैन हरवून आले, आणि दर भेटीत तीच गोष्ट सांगून त्यांनी माझीही चैन घालवली.

माझी जायला फार वेळ लागला नाही. लहानपणापासून मी धरणाच्या काठावर गळ टाकत आलो आहे. मरळ धरली, शिंगाळे धरले, रोहू धरले. पण काठावर बसणाऱ्याला कायम वाटत राहतं, की मोठा मासा आपला गळ पोचतो त्याच्या हातभर पुढं आहे. मुलगा पुण्याला, मुलगी तिच्या घरी. सोयाबीन निघालं, हरभरा उगवून वर आला, तूर शेंगांवर आली, की वावरातलं माझं काम सकाळीच आटपतं. मग मी घरात फिरतो. कवाडाच्या बिजागरीला तेल घालतो, घातलेलंच पुन्हा घालतो. बायको म्हणते, "बसा नं बाप्पा एका जागी, तुमच्या पायानं मलेच घेरी येते."

जायचं ठरलं तसं मी मोजायला बसलो. बेटाचा घेर फोनच्या नकाशावर बोट फिरवून काढला, तीनदा काढला, आणि तिन्ही वेळा वेगळा आला म्हणून त्यातला सर्वांत मोठा धरला. धरणावर कयाक नेऊन दोघांनी वल्हवून पाहिलं. वारा पाठीशी असताना किती जातो, तोंडावर असताना किती, हे वेगवेगळं काढलं. नावेवर किती वजन चालतं ते तिच्या बुडाशी कोरलेलं होतं. म्हणून सोयाबीनचे कट्टे, म्हणजे साठ किलोंची पोती, तोलायचा काटा अंगणात मांडला, आधी मी उभा राहिलो, मग साडूभाऊ, मग पाण्याचा कॅन, गळांचा डबा, बर्फाची पेटी.

"दीड कट्टा अन वर चार किलो," मी साडूभाऊंचा आकडा सांगितला.

"ओल किती धरली?" त्यांनी विचारलं. "मार्केटात तं ओलीचं कापतेत."

दिवस मात्र आम्ही चुकीचा निवडला होता. आमच्याकडे कुठंही निघायचं तर अमावास्या टाळतात. बायकोच्या थोरल्या बहिणीनं कॅलेंडर पाहून पौर्णिमा काढून दिली, भरलेला दिवस म्हणून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बेटाजवळ नावा भाड्यानं देणाऱ्या आणि मोटरबोटीतून सोबत येणाऱ्या ज्या बाई होत्या, त्यांना मी फोनवर तारीख सांगितली तेव्हा त्या हसल्या.

"काका, पौर्णिमा काय आणि अमावास्या काय, समुद्राला दोन्ही सारख्याच. दोन्हीला उधाण. बेटाच्या मागं पाणी असं ओढतं की वल्ही नुसती बुडवत बसाल. अष्टमीच्या आसपास या."

अष्टमीला निघावं असं आमच्या दोन्ही घरांत कोणाला सुचलं नसतं. मी वहीतला सगळा हिशेब धरणाच्या पाण्यावर केला होता, आणि धरणाचं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं. समुद्राचं एका दिवसात दोनदा चढतं-उतरतं हे मला शाळेत वाचून माहीत होतं, पण हिशेबात ते आलं नव्हतं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. एवढी मोठी गोष्ट सुटली, तर आणखी काय सुटलं असेल?

काय सुटलं ते बाईंनीच पुढच्या फोनवर विचारलं.

"पोहता येतं का तुम्हाला?"

"दोघांनाही येतं."

"ते सगळ्यांनाच येतं हो. होडीतून पडलात तर परत होडीत चढता येतं का? किनारा कितीही जवळ दिसू दे, होडी सोडायची नाही. दोघांचाही व्हिडिओ पाठवा, पाय टेकणार नाही अशा पाण्यातला. तो बघितल्याशिवाय मी बेटाच्या मागं कोणाला नेत नाही. नाहीतर काठावर बसून गळ टाका, इथं काठावरही मासे लागतात."

काठावर बसायला आम्ही इतक्या दूर जाणार नव्हतो. फोन स्पीकरवर होता. साडूभाऊ, थोरली बहीण, माझी बायको, सगळे ओसरीत बसले होते. या सगळ्या प्रकरणात बायकोनं तोवर एक शब्द काढला नव्हता. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "व्हिडिओ तिले पाठवा. मी माह्या डोयानं पाहीन. ताईबी पाहीन. नावेत चढता आलं तं जा. नाई आलं तं नाव इकून टाकाची, अन याच्यानंतर समुद्राचं नाव घ्याचं नाई."

"अवो, पण..." साडूभाऊंनी सुरुवात केली.

"पणबिन काई नाई," थोरली म्हणाली.

दोघी बहिणींचं माहेर कारंज्याकडे, धनजला. दोघींच्या पाठचा एकच भाऊ होता. चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच वावरातल्या शेततळ्यात गेला. शेततळ्याला आमच्याकडे आतून जाड काळं प्लॅस्टिक अंथरतात, पाणी मुरू नये म्हणून. त्यावर शेवाळ धरलं की उतारावर मांजरही उभं राहू शकत नाही. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला म्हणून तो काढायला उतरला आणि घसरला. तो चांगला पोहणारा होता. विहिरीत वरून उड्या मारायचा. पण पोहत काठाला आलं तरी धरायला काही नव्हतं. प्लॅस्टिकवर त्याच्या नखांच्या रेघा होत्या. त्या मी पाहिल्या आहेत. दोघी बहिणींनीही पाहिल्या आहेत.

त्यानंतर आमच्या शेततळ्याच्या चारही कोपऱ्यांना दोर आले. बांधावर लोखंडी खुंट्या ठोकून, फुटाफुटावर गाठी मारून जाड नायलॉनचे दोर पाण्यात सोडले. बायकोनं ते माझ्याकडून करून घेतलं आणि मग एक रीतच पाडली. पेरणीआधी आणि सोंगणीआधी, वावरात जो कोणी कामाला येईल त्याला ती तळ्यावर उभं करते. पोहता येत असेल त्यानं पाण्यात उतरून दाखवायचं, येत नसेल त्यानं काठावरून पाहायचं. "पडला तं दोर. चप्पल गेली, मोबाइल गेला, कोनी हाका मारल्या, काईच पाहाचं नाई. आंधी दोर." मजूर हसतात, पण उतरतात. दर वेळी सर्वांत आधी उतरायचा मान माझा. चार वर्षांत मी किती वेळा पाण्यात पडून दोर धरला असेल ते मी, मोजणारा माणूस असूनही, मोजलेलं नाही.

धरणात पडायचा सराव करता येत नव्हता. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे बुंधे आहेत, आणि तिथला चौकीदार आम्हाला वल्हवू देत होता तेच पुष्कळ होतं. म्हणून कयाक शेततळ्यात आणली. अंगात लाइफ जॅकेट, काठावर एकानं बांबू घेऊन उभं राहायचं, एकानं पडायचं, असं ठरलं.

साडूभाऊ पहिल्यांदा पडले तेव्हा तळ्याच्या पाण्याला लाट आली. त्यांनी उलटी झालेली नाव सुलटी केली, मधोमध आले, पलीकडची कड धरली, पाय आडवे मारले आणि पोटावर येऊन पडले. मग कुशीवर वळून बसते झाले. दीड कट्ट्याचा माणूस.

"कसं जमलं?" मी काठावरून विचारलं.

"म्हशीवर बसतो तसं. ल्हानपनी म्हशी पान्यात गेल्या का पोटावर पडाचं अन मंग टांग टाकाची. तुमच्या घरी म्हशी नोयत्या काय?"

आमच्याकडे बैल होते आणि एक गाय. गाईवर कोणी बसत नाही.

मग मी पडलो. पाणी थंडगार होतं, डिसेंबरचं. डोकं वर आलं, तोंडातलं पाणी थुंकलं, आणि पाहतो तर मी कोपऱ्यात, हातात दोर. नाव मागं तळ्याच्या मध्यावर एकटीच डुलत होती. मी तिकडून इकडे केव्हा आलो ते मला सांगता येईना.

"अबे, नाव तिकडं हाय!" साडूभाऊ ओरडले.

पुन्हा पडलो. पुन्हा दोर. तिसऱ्यांदा मी पडायच्या आधी स्वतःशी मोठ्यानं म्हणालो, नाव, नाव, नाव. पडलो, आणि हाताला गाठ लागली तेव्हा समजलं की पुन्हा कोपऱ्यात आलो आहे. दुसऱ्या दिवशी मी नाव टेपनं मोजून बरोबर मध्यावर उभी केली, कुठल्याच कोपऱ्याची ओढ जास्त नको म्हणून. एकदा कोपऱ्याकडे पाठ करून पडलो. एकदा डोळे मिटून पडलो. दर वेळी चारातला एक कोपरा मला सापडायचा. डोकं नाव, नाव म्हणत होतं, आणि अंग आपलं ठरलेल्या वाटेनं जात होतं.

"साडूभाऊ," दोर हातात घेऊन लोंबकळणाऱ्या मला ते म्हणाले, कारण मीही त्यांचा साडूभाऊच, "तुमी मासे धराले चालले का दोर? दोर पायजे असन तं माह्या दुकानात लय हाय."

मी हसलो नाही. इकडे हरभऱ्याला पाणी चालू होतं. स्प्रिंकलर फिरत होते आणि तळ्याची पातळी रोज खाली जात होती. जितकं पाणी उतरेल तितकं उघडं प्लॅस्टिक वाढणार, आणि तितकं तळ्यात उतरणं धोक्याचं. अष्टमीही जवळ येत होती. मी सकाळी उठून आधी पातळीची पट्टी पाहून येई, मग चहा घेई, मग पुन्हा पट्टी पाहून येई. रात्री अंथरुणात पोटावर पडून पाय हलवून पाही. बायको पलीकडे तोंड करून म्हणे, "झोपा. खाटेवर चढता आलं तुमाले."

तिला सगळं दिसत होतं. तुरीत निंदायला म्हणून ती रोज तळ्याच्या बाजूच्या ओळीत असायची, आणि तिथं निंदण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटी व्हिडिओ काढायचा ठरलेला दिवस आला. थोरली मानोऱ्याहून आली. दोघी बहिणी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. चार वर्षांत थोरली कुठल्याच शेततळ्याच्या काठावर गेली नव्हती. तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती पाण्याकडे न पाहता पलीकडच्या हरभऱ्याकडे पाहत होती. साडूभाऊ पडले, चढले, बांधावर दगडाला टेकवून ठेवलेल्या फोनवर त्याचा व्हिडिओ झाला. थोरलीनं शेवटी शेवटी पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "पोट कामाले आलं म्हनाचं एकदाचं."

मग मी. तीनदा पडलो. तिन्ही वेळा दोर.

तिसऱ्यांदा कोपऱ्यात लटकून मी वर पाहिलं. कोणी हसत नव्हतं.

"झालं," थोरली म्हणाली. "दोघायचंबी राह्यलं आता."

"माह्यं काहून? मी तं चढलो!"

"मंग तुमी एकटे जासान समुद्रात?"

मी गाठी धरून वर येऊ लागलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला. बायकोनं हात दाखवून मला थांबवलं.

"वर नका येऊ. समुद्रात दोर असते काय?"

"नाही."

"तिथं कोपरा असते काय?"

"कोपरा कसा असेल?"

ती कोपऱ्याशी आली, वाकली आणि म्हणाली, "सोडा."

मी दोर सोडला. तिनं तो हातावर हात टाकत वर ओढून घेतला, ओलाच, आणि बांधावर टाकला. मग ती दुसऱ्या कोपऱ्याकडे चालू लागली.

"अव माय, येडी झाली काय तू!" थोरली तिच्या मागं धावली. "तू? तू काढून राह्यली दोर?"

"भाऊजी बांबू घेऊन उभे हायत. अंगात जाकीट हाय. काई होत नाई." पण तिचा आवाज तिच्या रोजच्या आवाजासारखा नव्हता. तिनं दुसरा दोर ओढला, तिसरा ओढला. चौथा शेवाळात अडकला होता, तो तिला दोन्ही पाय रोवून ओढावा लागला. थोरली आता तिला अडवत नव्हती. ती नुसती मागं मागं चालत होती.

मी पोहत नावेशी आलो, कसाबसा साडूभाऊंच्या बांबूचा आधार घेऊन वर बसलो आणि भोवती पाहिलं. दोर बांधल्यापासून ते तळं मी दोरांशिवाय कधी पाहिलं नव्हतं. चारही बाजूंनी काळा गुळगुळीत उतार, त्यावर हिरवट थर, आणि वर आभाळाला लागून बांधाची कड. कुठंही काही लोंबत नव्हतं. धनजचं तळं आतून असंच दिसलं असेल, हे मला तेव्हा प्रथम कळलं. काठावरून मी ते पुष्कळदा पाहिलं होतं.

"पडा आता," बायको म्हणाली.

मी पडलो. अंग वळलंच, जवळच्या कोपऱ्याकडे. चार हात मी गेलोही. समोर उतार आला आणि त्यावर काही नव्हतं. घाईनं उलटा फिरलो तर नाव आपल्या वाटेनं सरकत चालली होती. तिची कड धरली. पलीकडची कड धरायला गेलो, हात घसरला. पुन्हा धरली.

"म्हैस, साडूभाऊ, म्हैस!" वरून आवाज आला. "पाय मारा! पोटावर पडा!"

पाय मारले, वर आलो आणि जोरात पलीकडे पाण्यात गेलो. म्हशीच्या दुसऱ्या अंगाला. पण आता हातातली कड सुटली नव्हती. तिसऱ्या खेपेला मी नावेवर आडवा पडलो, पोत्यासारखा, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला, आणि तसाच राहिलो. नाकातून पाणी गळत होतं. साडूभाऊ बांबू वर करून नाचत होते. मग हळूहळू वळलो, बसलो.

वर पाहिलं तर बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती समोरच्या उघड्या प्लॅस्टिककडे पाहत होती.

"त्याले धराले काईच नोयतं, ताई," ती म्हणाली.

थोरली बांधावर खाली बसली आणि रडू लागली. मोठ्यानं नाही. बायको तिच्याजवळ बसली. साडूभाऊंनी बांबू खाली केला. मी नावेत बसून राहिलो, वल्हं हातात, आणि कुठं जायचं ते न समजून उगाच तळ्याच्या मध्यावर हळूहळू गोल फिरत राहिलो.

बऱ्याच वेळानं बायको उठली. तिनं चारही दोर एकेक करून पुन्हा पाण्यात सोडले. खुंटीवरची गाठ प्रत्येक ठिकाणी ओढून पाहिली. मी वर यायला निघालो तर म्हणाली, "थांबा. आता एकदा दोराचं करा."

"कशाला? ते तर येतंच."

"घरी वापस याचं हाय नं? उद्या मोटारीचा कचरा काढाले उतरसान अन नाव शोधत बससान."

मी पडलो. वर आलो. आणि या वेळी मी कुठंच गेलो नाही. डावीकडे नाव, समोर दोर, आणि मी मधे पाणी तुडवत. किती वेळ ते सांगता येत नाही. फार नसेल. पण अंगाला काय करावं ते समजत नव्हतं, हे मला स्वच्छ समजत होतं.

"दोर!" बायको ओरडली.

अंग निघालं. हातात गाठ आली.

वर आल्यावर तिनं टॉवेल फेकला. दात वाजत होते. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "पाह्यलं नं? गोंधळले तुमी. तिथं कोन ओरडन?"

"त्या बाई असतात मागं. मोटरबोटीत."

"तिले काय ठाऊक तुमी कुठं पाहाता ते? किनारा दिसला का तुमी निंगसान तिकडं." ती जरा थांबली. "मी बसीन तिच्या बोटीत."

थोरलीनं डोळे पुसता पुसता वर पाहिलं. "तू? तू तं नयाची तोटी सोडली का मांगं सरकते!"

"मंग डोये मिटून बसीन. ओरडाले डोये कायले लागते?"

घरी येऊन कोरडे कपडे घातले आणि मी बाईंना फोन लावला. दगडाला टेकवलेल्या फोननं माझं चढणंही टिपलं होतं, आणि दोन्ही व्हिडिओ पाठवले होते. त्यांनी माझा दोनदा पाहिला म्हणाल्या, पहिल्यांदा हसू आलं म्हणून आणि दुसऱ्यांदा नीट. चालेल, म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरातलं एक माणूस तुमच्या मोटरबोटीत बसू म्हणतं.

"बसू दे की. पोहता येतं का त्यांना?"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"पोहता नाई येत," ती म्हणाली, "पन आवाज मोठा हाय माह्या."

पलीकडून बाई म्हणाल्या, "या मग. त्याचंच काम पडतं तिथं." आणि बायकोनं लगेच विचारलं, "मोटरबोट उलटली तं काय धराचं?"